पहिला प्रश्न आडनावाचा



या अंकासाठी मी वर्षावासावर लिहायला घेतलं होतं. दीड पान झालंही होतं. पण गेल्या मासिक वंदनेनंतर पार्किंगमध्ये, खुर्च्या गाडीत भरता भरता, दोन वेगवेगळ्या पालकांनी मला बाजूला घेऊन जवळजवळ एकच प्रश्न विचारला. एकाची मुलगी सोळाची झाली, फोन सतत पालथा ठेवते, रात्री कुणाशी तरी बोलते. दुसऱ्याचा मुलगा शाळेतल्या एका मुलीबरोबर दिसतो. आता काय करायचं, आणि धम्म याबद्दल काय सांगतो? दोघांचाही आवाज इतका खाली होता, की घरात कुणाला मोठा आजार निघाला आहे असं वाटावं.

मी भिक्खू नाही आणि समुपदेशकही नाही. पण हा प्रश्न माझ्या घरात मार्चमध्येच येऊन गेला. त्यात मी काय चुकलो ते आधी सांगितल्याशिवाय तुम्हाला काही सांगणं खोटेपणाचं होईल. मुलीची परवानगी घेतली आहे. तिच्या अटी दोन. त्या मुलाचं नाव लिहायचं नाही, आणि तिच्या संदर्भात 'लग्न' हा शब्द कुठेही येता कामा नये. "बाबा, मी सोळा वर्षांची आहे," ती म्हणाली. अट रास्त आहे. आपल्या पिढीला प्रेम म्हटलं की लगेच हॉल बुक करायची घाई होते, नाहीतर दार बंद करायची.

तर मार्चमधला शनिवार. न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो आणि शेजारी मोठं माणूस बसलेलं असलं की मूल गाडी चालवू शकतं. ती चालवत होती. मी शेजारी, उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबून. ज्यांची मुलं या वयाची आहेत त्यांना अनुभव असेल, घरात न बोलणारी मुलं गाडीत बोलतात. एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही म्हणून असेल. ती म्हणाली, "बाबा, प्रॉमला मी एका मुलाबरोबर जाणार आहे. म्हणजे, फक्त प्रॉमपुरतं नाही." मुलगा तिच्याच शाळेतला, एक वर्ष पुढे, आईवडील आपल्यासारखेच भारतातून आलेले.

मी विचारलं, "आडनाव काय?"

तिने सांगितलं. ते आडनाव कानावर पडल्यापासून त्या मुलाचं राज्य, जात, आणि त्या घरात माझ्या मुलीला कसं वागवलं जाईल याचा अंदाज, एवढं सगळं मनात मांडून व्हायला मला एक सेकंदही लागला नाही. वीस वर्षं डेटाबेसचं काम करतो, इतकी वेगवान क्वेरी मी आजवर लिहिलेली नाही.

सिग्नलला गाडी थांबली. ती म्हणाली, "तू त्याचं नाव नाही विचारलंस. तो कसा आहे तेही नाही. आडनाव का विचारलंस? तो ब्लॅक असता, कोरियन असता, तर विचारलं असतंस?"

मला उत्तर आलं नाही. सिग्नल हिरवा झाला होता, मागच्याने हॉर्न दिला.

तो प्रश्न तुम्ही ओळखता. कुठल्याही भारतीय पॉटलकमध्ये, ऑफिसमधल्या पहिल्या जेवणात तो येतो. आधी "कुठले?" मग "नागपूरचे, पण नागपुरात कुठे?" मग "पूर्ण नाव काय म्हणालात?" समोरच्याचा चेहरा एक क्षण थांबतो आणि मग पुन्हा हसतो, तो क्षण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. सात समुद्र ओलांडूनही ज्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही, तोच मी एका सतरा वर्षांच्या पोराबद्दल विचारला, आणि तोही सगळ्यांत आधी.

माझी बाजू मांडतो. माझ्या प्रश्नात उच्चपणाची घमेंड नव्हती, भीती होती. आपल्या समाजातला बाप मुलांच्या तोंडून अशी गोष्ट ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे खर्डा उभं राहतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या त्या गावात सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाला, वरच्या जातीतल्या मुलीशी त्याचे संबंध आहेत या संशयावरून, मारून झाडाला लटकवलं गेलं. २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. 'सैराट' आपण थिएटरमध्ये पाहिला, गाण्यांवर नाचलो, पण शेवट पाहून घरी येताना गाडीत कुणी बोललं नव्हतं, आठवतं? ही भीती खोटी नाही. पण ऐकणाऱ्या मुलीला भीती दिसत नाही, प्रश्न दिसतो. आणि भीतीतून आलेला असो की घमेंडीतून, तो प्रश्न शब्दाने शब्द एकच आहे.

त्या रात्री जेवताना तिने मला शिकवलं. इतिहासाच्या वर्गात त्यांनी लव्हिंग खटला अभ्यासला होता. १९६७ पर्यंत अमेरिकेतल्या सोळा राज्यांत गोऱ्या-काळ्यांमधला विवाह बेकायदेशीर होता आणि सर्वोच्च न्यायालयाने एका जोडप्याच्या खटल्यात ते कायदे रद्द केले. तिला ते तारखेसकट पाठ होतं. मग मी तिला आपली एक तारीख सांगितली. ९ मे १९१६. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, हडसन नदीपलीकडे, कोलंबिया विद्यापीठात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या सक्तीवर, हा बाबासाहेबांचा त्यातला मुख्य मुद्दा. तो आपण सगळे जाणतो. पण निबंधाचा एक भाग आपल्या व्याख्यानांत फारसा येत नाही. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा त्या सक्तीसाठीच लागल्या, असं ते दाखवतात. आणि बालविवाहामागचं तत्त्वज्ञान सांगताना ज्ञानकोशकार केतकरांचा आधार घेऊन जे मांडतात, त्याचा आशय असा, की मुलीच्या मनात कुणाबद्दल ओढ जागी होण्याआधीच तिने कुणावर प्रेम करायचं ते ठरवून टाकलेलं बरं, म्हणजे तिचं मन दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीचं मन हीच ती जागा आहे जिथे जातीची तटबंदी पहिल्यांदा फुटू शकते. हे मनुवाद्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी आठव्या वर्षी लग्नं लावली. बाबासाहेबांनाही कळलं होतं, म्हणून वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, लाहोरच्या मंडळाने सभा रद्द केली तरी जे भाषण त्यांनी स्वतः छापलं, त्यात जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून त्यांनी आंतरजातीय विवाहाकडेच बोट दाखवलं. आपण ते पुस्तक मुलांना वाढदिवसाला भेट देतो. आणि मूल ते न वाचताच तसं वागायला लागलं की आपला आवाज खाली जातो.

इथवर मी माझी एक चूक सांगितली. दुसरी मोठी आहे.

एप्रिलमध्ये ती त्या मुलाच्या घरी गेली, चार-पाच मित्रमैत्रिणींसोबत अभ्यासाला. त्याच्या आईने प्रेमाने खाऊ घातलं. चौकशी केली, तुमच्याकडे गणपती बसतो का म्हणून. माझी मुलगी सहज म्हणाली, "नाही, आम्ही बुद्धिस्ट आहोत. आमच्या घरी डॉक्टर आंबेडकरांचा फोटो आहे." तिला वाटलं, आपण छान माहिती दिली. त्या बाई "अच्छा" म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. पुढच्या आठवड्यात तो मुलगा शाळेत तिच्याशी नीट बोलेना. शेवटी त्याने खरं ते सांगितलं. घरी बोलणं झालं होतं. शब्द अभ्यासाचे होते, कॉलेजच्या अर्जांचे होते, पण एक शब्द वेगळा होता आणि तो त्याने तिला शरमेने सांगितला.

ती घरी आली आणि माझ्यावर रागावली. त्या बाईंवर नाही, माझ्यावर. "तुला माहीत होतं. त्या दिवशी गाडीत म्हणूनच विचारलंस ना? मग मला आधी का नाही सांगितलं?"

यावर मी काय बोलणार? दर १४ एप्रिलला तिने स्टेजवर बाबासाहेबांवर भाषण केलं आहे. महाडचं तळं तिला माहीत आहे, १९५६ ची दीक्षाभूमी माहीत आहे. सिएटलने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी आणली तेव्हा मी ती बातमी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधेयकावर गव्हर्नरनी नकाराधिकार वापरला, तेव्हा चिडलोही होतो. पण हे सगळं तिच्यासाठी इतिहास होतं किंवा बातमी होती. हे तुझ्यासोबतही होईल, एखाद्या स्वयंपाकघरात, चहाचा कप हातात असताना, हे मी तिला कधीच सांगितलं नाही. मला वाटत होतं मी तिला मोकळं वाढवतो आहे. खरं तर ते बोलण्याची लाज मला होती. आपल्यापैकी अनेक घरांत हेच आहे. मुलांना जात कळू नये म्हणून आपण गप्प राहतो, आणि मग त्यांना ती अशा माणसाकडून कळते ज्याच्यावर त्यांचा नुकताच जीव जडलेला असतो. याहून वाईट शिक्षक मिळणं कठीण.

आता धम्माकडे येतो. पटाचाराची कथा तुम्ही प्रवचनांत ऐकली असेल. अट्ठकथेत ती येते. श्रावस्तीच्या श्रीमंत श्रेष्ठीची मुलगी, वय सोळा. आईवडिलांनी तिला सात मजली वाड्याच्या वरच्या मजल्यावर पहाऱ्यात ठेवलं होतं. तरी घरातल्याच नोकरावर तिचा जीव जडला. तोलामोलाच्या घरात तिचा विवाह ठरला, तशी ती मोलकरणीच्या वेशात पळून गेली. पुढचं दुःख सर्वांना ठाऊक आहे. नवरा सर्पदंशाने गेला, तान्हं बाळ ससाण्याने उचललं, मोठा मुलगा नदीत वाहून गेला. आणि श्रावस्तीच्या वाटेवर कळलं की रात्रीच्या वादळात घर कोसळून आई, वडील, भाऊ एकाच चितेवर जळत आहेत. तिला वेड लागलं. अंगावर वस्त्राचं भान नाही अशा अवस्थेत ती जेतवनात आली. लोक तिला हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिलं, बहीण म्हणून हाक मारली आणि भानावर यायला सांगितलं. पुढे ती विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रणी झाली.

ही कथा आपल्याकडे दोन प्रकारे सांगितली जाते. एक अनित्यतेची म्हणून, ते योग्यच आहे. दुसरी, मुलींना धाक घालायला, पळून गेलं की बघा काय होतं. लहानपणी मी ती या दुसऱ्या प्रकारेच ऐकली. यंदा पुन्हा वाचताना माझं लक्ष वेगळ्या ठिकाणी अडकलं. दोन्ही बाळंतपणांच्या वेळी ती माहेरी जायला निघाली होती. दोन्ही वेळा नवरा तिला अडवत होता, कारण त्या घरात गेलो तर आपली गत काय होईल याची त्याला धास्ती होती. पहिल्या खेपेला वाटेतच बाळ झालं आणि ती दोघं मागे फिरली. दुसऱ्या खेपेला रानात वादळाने गाठलं. सात मजल्यांचा पहारा मुलीला बाहेर जाण्यापासून थांबवू शकला नाही. तिला परत येण्यापासून मात्र त्या धास्तीने थांबवलं.

माझ्या मुलीने गाडीत स्वतःहून सांगितलं होतं. मी आडनाव विचारलं तेव्हा तो पहारा मीच उभा करत होतो. पुढच्या वेळी ती सांगेल का, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता, आणि तुमच्यापुढचाही तोच आहे. मुलगा कोण, हा त्यानंतरचा.

सिगालोवाद सुत्तात तथागत आईवडिलांची पाच कर्तव्यं सांगतात. मुलांना वाईटापासून आवरणं, चांगल्यात लावणं, विद्या-कला शिकवणं, योग्य जोडीदार मिळवून देणं आणि योग्य वेळी वारसा त्यांच्या हाती देणं. आपली गाडी चौथ्यावर अडते, जणू तो आपला हक्कच आहे. पण मुलं सोळा-सतराची असताना काम आहे ते पहिल्या दोनाचं. वाईटापासून आवरायचं म्हणजे नेमकं कशापासून? आम्ही घरात यावर चक्क बसून बोललो. तिची आई माझ्यापेक्षा स्पष्ट बोलते, तिनेच सुरुवात केली. कुणाच्या मर्जीविरुद्ध हात लागता कामा नये, तुझा नाही आणि तुला कुणाचा नाही. हो म्हटल्यावरही नंतर नको म्हणता येतं. फोनवर असे फोटो पाठवायचे नाहीत आणि मागायचे नाहीत. दारू असलेल्या पार्टीत अडकलीस तर रात्री कितीही वाजता फोन कर, न्यायला येऊ, गाडीत एकही प्रश्न विचारणार नाही. तिसऱ्या आणि पाचव्या शिलात याहून वेगळं काय आहे? आपण वंदनेत जे म्हणतो ते सिक्खापद आहे, शिकण्याचा नियम. कामेसु मिच्छाचार म्हणताना जोर 'मिच्छा'वर आहे. ज्यात फसवणूक आहे, जबरदस्ती आहे, कुणाचं नुकसान आहे ते. मनात ओढ निर्माण होणं हा शीलभंग नाही.

आणि चौथं शील? आम्ही तिला विचारलं, आजपर्यंत किती वेळा लायब्ररीत जाते म्हणून खोटं सांगितलंस? ती हसली, आकडा सांगितला नाही. ज्या घरात खरं बोलणाऱ्याला शिक्षा होते, तिथे मुलांच्या खोटेपणातला अर्धा वाटा आईवडिलांचा धरावा, असं माझं मत झालं आहे.

आता थोडं आपल्या आरशात. समोरच्या बाईंनी जे केलं त्याचा मला राग आहे. पण मुलीने गाडीत विचारलेला प्रश्न मी अजून खिशात घेऊन फिरतो आहे. तो मुलगा ब्लॅक असता तर? मुसलमान असता तर? आपल्यातल्याच दुसऱ्या अनुसूचित जातीचा असता तर? बौद्ध वधू-वरांच्या एका फॉर्मवर पोटजातीचा रकाना मी स्वतः पाहिला आहे, आणि तो भरलेलाही पाहिला आहे. नवव्या प्रतिज्ञेत आपण सर्व माणसं समान मानण्याचं वचन दिलं, दहाव्यात ती समता स्थापन करण्यासाठी झटण्याचं. त्या प्रतिज्ञा घेताना आपण समोरच्याकडे बघत होतो. त्या आपल्या सोफ्यावरही लागू होतात.

तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी किती जण हे मराठीत वाचाल, शंकाच आहे. आईबाबांनी वाचून दाखवलं तर एवढं ऐका. घरी उशिरा सांगितलंत तरी चालेल, पण सांगा. आम्ही पहिला प्रश्न चुकीचा विचारू. माझ्या मुलीने केलं तसं आम्हाला उलट विचारा.

प्रॉमला ती दोघं गेली, मोठ्या घोळक्यात, फोटोंत एकमेकांपासून दोन फूट अंतर ठेवून. पुढे काय होईल मला ठाऊक नाही, आणि सतराव्या वर्षाच्या गोष्टी बहुतेक वेळा आपोआप संपतात हे मलाही कळतं. ते संपणंही तिचंच असेल. जातीने संपवलेलं नसावं, एवढंच मी मागतो.

बुद्ध पौर्णिमेच्या आपल्या कार्यक्रमाला तो आला होता. मागच्या रांगेत बसला, वंदनेच्या वेळी इतरांचं बघून हात जोडले, खीर दोनदा घेतली. मी त्याला विचारलं, घरी सांगून आलास का? तो म्हणाला, "हो अंकल. आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. पण गाडीची किल्ली तिनेच दिली."

खुर्च्या आवरताना आपल्यातल्या तिघांनी मला हळूच विचारलं, "कोणाचा मुलगा? आडनाव काय?" मी त्यांना त्याचं पहिलं नाव सांगितलं आणि खुर्च्यांचं दुसरं टोक धरायला लावलं.

जय भीम. नमो बुद्धाय.